इनर व्हीलमध्ये यावं का, आणि तिथे नेमकं काय चालतं?

एका ताईंनी विचारलंय: "मी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली. मुलं शिकायला बाहेरगावी आहेत. आमच्या तालुक्याच्या गावातल्या इनर व्हील क्लबच्या दोघीजणी सदस्य व्हा म्हणून मागे लागल्यात. यजमान रोटरीत नाहीत. मला या क्लबचे दिसतात ते फोटोच: एकसारख्या साड्या, हारतुरे, वह्यावाटप. यातून खरंच कुणाचं भलं होतं का? वेळ किती जातो, पैसे किती लागतात?"

ताई, भलं होतं का हाच तुमचा खरा प्रश्न आहे, म्हणून त्याचं उत्तर आधी देते. होतं. पण प्रत्येक कामातून होतं असं नाही, आणि कुठल्या कामातून झालं हे फोटो बघून कळत नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी बरीच वर्षं या क्लबमध्ये आहे. खजिनदार, सचिव, अध्यक्ष ही सगळी पदं सांभाळली, पुढे डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे अनेक क्लब मिळून होणाऱ्या विभागाच्या, कमिटीवर असताना दुसऱ्या गावांतले क्लबही जवळून बघायला मिळाले. त्यातून माझं एक मत पक्कं झालंय. अध्यक्ष बदलली तरी त्याच शाळेत, त्याच वस्तीवर जो क्लब वर्षानुवर्षं जात राहतो, त्याचं काम लोकांच्या उपयोगी पडतं. बाकी गोष्टी त्यानंतर.

संस्थेबद्दल थोडक्यात सांगते, कारण 'रोटरीवाल्यांच्या बायकांचा क्लब' एवढीच ओळख अजून गावोगावी आहे. 10 जानेवारी 1924 ला इंग्लंडमधल्या मँचेस्टरमध्ये या क्लबला इनर व्हील हे नाव मिळालं. मार्गारेट गोल्डिंग यांनी तो सुरू केला. वेल्समध्ये जन्मलेल्या या बाई परिचारिका होत्या आणि पुढे स्वतःचा व्यवसाय करत होत्या. पहिल्या महायुद्धाच्या काळात ज्या बायकांनी घराबाहेर पडून मदतकार्य केलं होतं, त्यांना युद्ध संपल्यावर पुन्हा नुसतं घरी बसणं नको होतं. पहिल्या बैठका शहरातल्या एका तुर्की स्नानगृहाच्या जागेत झाल्या. 1967 पासून संघटना आंतरराष्ट्रीय स्वरूपात चालते. उद्देश तीनच: खरी मैत्री, सेवा आणि देशोदेशींच्या लोकांत सामंजस्य.

आपल्याकडे बायकांनी एकत्र जमून काम करण्याची परंपरा याहूनही जुनी आहे. पंडिता रमाबाईंनी पुण्यात आर्य महिला समाज स्थापन केला तो 1882 मध्ये. रमाबाई रानड्यांनी 1909 मध्ये पुण्याचं सेवासदन उभं केलं, तिथून ससून रुग्णालयात परिचारिकेच्या शिक्षणासाठी बायका पाठवल्या, त्यांत विधवाही होत्या. घरोघरी जाऊन आयांची समजूत काढणं, मुलींना शिकवत राहणं, पैशाचा चोख हिशेब ठेवणं हे सगळं त्या पिढीने करून दाखवलंय. म्हणून कुणी 'हे परदेशी खूळ' म्हणालं तर मला ते पटत नाही. नाव मँचेस्टरचं असेल, काम इथल्या बायकांना नवीन नाही.

यजमान रोटरीत नाहीत याची काळजी सोडा. पूर्वी सदस्य होण्यासाठी रोटेरियनची, म्हणजे रोटरी सदस्याची, पत्नी किंवा नात्यातली बाई असणं गरजेचं होतं. आता ती अट राहिलेली नाही. क्लबच्या बहुसंख्य सदस्यांची संमती असली की कुठल्याही प्रौढ स्त्रीला निमंत्रण देता येतं. रोटरीनेही 1989 मध्ये स्त्रियांना दार उघडलं, म्हणजे तुम्हाला थेट तिथेही जाता येईल. आमच्याकडे आता शिक्षिका आहेत, ब्युटी पार्लर चालवणाऱ्या आहेत, शेतकरी घरातल्या आहेत, दोघी वकील आहेत. त्यामुळे क्लबचं रूपच पालटलं, आणि चांगल्या अर्थाने.

आता चिकाटीचं. आमचं वर्ष 1 जुलैला सुरू होतं आणि 30 जूनला संपतं. जुलैत पदग्रहण, नव्या अध्यक्षेच्या गळ्यात पदाची कॉलर, नवी कमिटी. वर्षातून एकदा डिस्ट्रिक्ट चेअरमन क्लबला भेट देतात, त्यांना केलेलं काम दाखवायचं असतं. वर्षाअखेरीला ॲवॉर्ड असतात. या रचनेचा फायदा मोठा आहे. दरवर्षी कुणीतरी नवी बाई पुढे येते. घरात चारचौघांत बोलायची सवय नसलेली बाई माइक हातात घेऊन तहसीलदारांसमोर बोलते, हे मी पुन्हा पुन्हा बघितलंय. पण याच रचनेमुळे प्रत्येकीला वाटतं, आपल्या वर्षात आपलं काहीतरी वेगळं दिसावं. मग मागच्या वर्षीची शाळा मागे पडते, नवीन शाळेत नवीन फलक लागतो. म्हणून आमच्या क्लबने एक ठराव करून घेतलाय: मोठी कामं दोनच, ती कमिटीच्या मालकीची नाहीत, क्लबची आहेत, अध्यक्षेला हवं तर तिसरं काम तिने स्वतःच्या आवडीचं करावं.

त्यातलं एक काम म्हणजे मुलींची एक माध्यमिक शाळा. तिथे आम्ही गेलो ते सॅनिटरी नॅपकिनचं मशीन बसवावं या विचाराने. एका देणगीदाराची तयारी होती. मशीनची ऑर्डर देण्याआधी आमच्यातल्या दोघी आठवीच्या मुलींबरोबर वर्गात बसल्या, बाई-सर बाहेर. पाऊण तास कुणी तोंड उघडेना. मग एक मुलगी म्हणाली, "मॅडम, पॅड घरून आणता येतं, पण संडासला कडी नाही." बघायला गेलो तर खरंच, दोन्ही दारांना आतून कडी नव्हती. एक मुलगी आत गेली की मैत्रीण बाहेर दार धरून उभी राहायची, आणि पाळीच्या दिवसांत दोघीही शाळा बुडवायच्या. नळाला पाणी नव्हतं, टाकी होती पण ती मुलांच्या बाजूला जोडलेली. झाकणाचा डबा नव्हता, त्यामुळे वापरलेलं पॅड कागदात गुंडाळून दप्तरात घालून घरी न्यायचं.

आम्ही आधी कड्या बसवल्या. सुतार एका दुपारीत काम करून गेला. मग प्लंबरकडून टाकीचं पाणी मुलींच्या बाजूला फिरवून घेतलं, पायाने उघडणारे डबे ठेवले, आणि ते डबे कोण, कुठल्या दिवशी रिकामे करणार हे मुख्याध्यापकांकडून लेखी घेतलं. हे शेवटचं सगळ्यांत अवघड होतं, त्यासाठी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत जाऊन बसावं लागलं. मशीन नंतर आलं, पण आजही शाळेतल्या बाई सांगतात की फरक पडला तो कडी आणि पाण्याने. या कामाचा फोटो काय काढणार? कडीचा फोटो कुणी ग्रुपवर टाकत नाही. तुम्ही सदस्य झालात तर अशा कामांच्या बाजूने मत द्या, एवढं आवर्जून सांगते.

त्याच शाळेत आमचं रक्ततपासणीचं काम चालतं, आणि चिकाटी म्हणजे काय ते यात सगळ्यांत स्पष्ट दिसतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019 ते 2021 या काळात, महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी 54.2 टक्के जणींना रक्तक्षय असल्याचं आढळलं. देशाचा आकडा 57 टक्के. म्हणजे कुठल्याही मुलींच्या शाळेत शिबिर घ्या, वर्गातल्या बऱ्याच मुलींचं हिमोग्लोबिन 12 च्या खाली येणारच. शिबिर घेणं सोपं आहे. लॅबवाले येतात, बोटाला टोचतात, चिठ्ठी देतात, राजगिऱ्याचा लाडू आणि केळं वाटलं की कार्यक्रम झाला. त्या चिठ्ठीचं पुढे काय होतं? बहुतेक ठिकाणी काही नाही. मुलगी ती दप्तरात ठेवते, आईला वाचता आली तर आई म्हणते, "होईल बरं, पालक खा."

आम्ही एक जाड वही ठेवलीय. नाव, इयत्ता, आईचं नाव, पहिली तपासणी, तीन महिन्यांनंतरची दुसरी तपासणी, शेरा. सरकारतर्फे शाळेत आठवड्याला एक निळी लोहाची गोळी मिळते, जंताची गोळी वर्षातून दोनदा मिळते. ती विकत घेण्यात क्लबचे पैसे घालवायची गरज नाही. ती गोळी पोटात जाते का, हे बघण्याची मात्र गरज आहे. मुली ती खिडकीतून बाहेर टाकतात, कारण मळमळतं, शौचाला काळं होतं आणि घरी कुणीतरी भीती घातलेली असते. काळं होणं नेहमीचं आहे, गोळी जेवल्यावर घ्यायची, तिच्या आधी-नंतर तासभर चहा नको, वर लिंबू किंवा पेरू खाल्लेला चांगला, हे एकदा सांगून भागत नाही. दर महिन्याला जाऊन सांगावं लागतं. ज्या मुलीचं हिमोग्लोबिन फारच कमी आलं, तिच्या आईला भेटून ग्रामीण रुग्णालयात स्वतः बरोबर जायचं, नुसती चिठ्ठी द्यायची नाही. दुसऱ्या तपासणीत आकडा वर सरकलेला दिसला की त्या मुलीच्या चेहऱ्यावर जे येतं, त्याच्यासाठी मी अजून या क्लबमध्ये आहे. वही दर जूनमध्ये जुन्या सचिवाकडून नव्या सचिवाकडे जाते. तिच्यातली नावं व्हॉट्सॲपवर जात नाहीत, हा आमचा कडक नियम.

दुसरं मोठं काम गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या लसीचं. देशभरातले अनेक इनर व्हील क्लब ते करतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हावॅक ही लस 2023 मध्ये आली आणि आमच्यासारख्या छोट्या क्लबांनाही हे काम हाती घेण्याचा धीर आला. 9 ते 14 वयाच्या मुलींना सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस ही त्याची नेहमीची पद्धत. आता इथे गावाची माहिती कामाला येते. आमच्या तालुक्याच्या कोरडवाहू भागातून दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला टोळ्या जातात. आई-बापाची जोडी कोयता म्हणून जाते आणि बारा-तेरा वर्षांची मुलगी धाकट्यांना सांभाळायला बरोबर जाते, कारखान्याच्या तळावर कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, राहते. शाळा उघडल्या उघडल्या जूनमध्ये पहिला डोस दिला, तर दुसरा येतो डिसेंबरात, आणि तेव्हा मुलगी गावात नसते. म्हणून आम्ही पहिला डोस नवरात्राच्या तोंडावर देतो आणि दुसरा गुढीपाडव्यानंतर, टोळ्या परत आल्यावर, वार्षिक परीक्षेच्या आसपास. कुठली टोळी कधी निघणार हे मुकादमाला विचारून ठेवतो. पालकांची लेखी संमती, आधी आयांची सभा, त्यात डॉक्टर बाईच बोलणार, लस टोचायला प्रशिक्षित माणूस, मुलींनी पोटभर जेवून यायचं, टोचल्यावर पंधरा मिनिटं बसून राहायचं, कारण घाबरून चक्कर येते. यातलं एकही पाऊल गाळायचं नाही. आयांच्या सभेत नेहमी एक प्रश्न येतो, "हिला पुढे मूल होईल ना?" तो प्रश्न हसण्यावारी नेणारी सदस्य असेल तर तिला मी पुढच्या सभेला नेत नाही. आईने तो विचारण्यासाठी किती धीर गोळा केलेला असतो!

पैशाचं सांगते, तुम्ही बँकेतल्या आहात म्हणून जरा खोलात. वर्गणी प्रत्येक क्लबची वेगळी असते. तिच्यातला काही भाग डिस्ट्रिक्ट, असोसिएशन आणि इंटरनॅशनल या वरच्या पातळ्यांकडे जातो, उरलेल्यात क्लबचा कारभार चालतो. वर्गणीशिवाय साडी, पदग्रहणाचं जेवण, डिस्ट्रिक्टच्या कॉन्फरन्सचा प्रवास हे खर्च असतात. ते ऐच्छिक आहेत, आणि क्लबमध्ये ते खरोखर ऐच्छिक मानले जातात का हे तुम्ही आधी विचारून घ्या. ज्या क्लबात साडी न घेणारीकडे वळून बघतात, तिथे मध्यम घरातली बाई टिकत नाही आणि क्लब एका पेठेपुरता उरतो.

लोकांनी कामासाठी दिलेला पैसा आणि क्लबच्या जेवणाचा पैसा एका खात्यात असता कामा नये. खाती दोन, पासबुकं दोन, पावतीपुस्तकं दोन. कंपनीचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामासाठीचा, निधी मिळवायचा तर स्वतंत्र ट्रस्ट लागतो, त्याची 12ए आणि 80जी म्हणून ओळखली जाणारी आयकर सवलतीची नोंदणी लागते आणि एप्रिल 2021 पासून सीएसआर-1 अर्ज भरून नोंदणी क्रमांकही लागतो. ट्रस्ट धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला असला की विश्वस्त बदलल्यावर 90 दिवसांत तसा बदल कळवणारा 'बदल अर्ज' देणं कायद्याने बंधनकारक आहे. अनेक चांगल्या महिला मंडळांचं काम याच एका कागदापाशी अडून बसलेलं मी बघितलंय: वर्षानुवर्षं बदल अर्ज नाही, जुन्या विश्वस्त बाई हयात नाहीत, आणि बँक सही मान्य करत नाही. तुमच्यासारखी बाई क्लबला इथे सोन्यासारखी उपयोगी पडेल. तरीही पहिल्याच वर्षी खजिनदार होऊ नका. आधी माणसं ओळखा.

फोटोंबद्दल तुमचं जे मत झालंय, ते चुकीचं नाही. अहवालाला फोटो लागतो, देणगीदाराला पुरावा हवा असतो, हे मान्य. पण हात पुढे केलेल्या मुलीचा आणि वही देणाऱ्या सात बायकांचा फोटो काढू नये, यावर मी दरवर्षी मीटिंगमध्ये बोलते. ती मुलगी उद्या आमच्याच एखाद्या सदस्याच्या मुलीच्या वर्गात असते. आमच्याकडे आता वस्तू मुख्याध्यापकांकडे सोपवतात, शाळा नंतर आपल्या पद्धतीने मुलींना देते. रक्ततपासणी, लस, पाळी या कामांत मुलींच्या चेहऱ्याचा फोटो अजिबात नाही. एकदोन देणगीदार त्यामुळे नाराज झाले, बाकीच्यांनी समजून घेतलं.

आणि मैत्री. उद्देशांत ती पहिली लिहिलीय, तेव्हा तिला दुय्यम समजू नका. महिन्याच्या मीटिंगला आमच्याकडे इनर व्हीलची प्रार्थना होते, मग कामकाज, मग कुणाच्या तरी घरचं थालीपीठ नाहीतर भजी. वरवर बघणाऱ्याला ती किटी पार्टी वाटेल. पण 2020 च्या टाळेबंदीत सोलापूर-पुणे रस्त्याने मजूर चालत निघाले, तेव्हा कुणीही बैठक न घेता घराघरांतून पोळ्या आणि शेंगदाण्याची चटणी गोळा होऊ लागली ती या ओळखीमुळेच. कुणाच्या घरी गॅस संपत आलाय, कुणाच्या सासूबाई आजारी आहेत, कुणाचा मुलगा स्कूटरवरून डबे पोचवू शकतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आमच्यातल्या एकीला कर्करोग झाला तेव्हा केमोथेरपीच्या प्रत्येक फेरीला क्लबमधली एकजण तिच्याबरोबर सोलापूरला जात होती, आणि पाळ्या आखायलाही कुणाला सांगावं लागलं नाही.

हळदीकुंकवाचंही बोलायला हवं. संक्रांतीला बहुतेक क्लब हळदीकुंकू करतात, आणि नवरा गेलेल्या सदस्या त्या दिवशी 'जरा बरं नाही' म्हणून घरी थांबतात. आम्ही त्या समारंभाचं नाव बदलून तिळगूळ समारंभ केलं, येणाऱ्या प्रत्येकीला कुंकू, गजरा आणि वाण. सुरुवातीला ज्येष्ठ सदस्यांपैकी काही जणी नाराज होत्या, एक-दोघी आल्याच नाहीत. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवांवर लादलेल्या प्रथा बंद करायचा ठराव केला आणि राज्य सरकारनेही त्याच महिन्यात इतर ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवायला सांगितलं, त्यानंतर आमच्याकडची कुजबुज थांबली. आता त्या दिवशी दारात गजरे देणारी बाई स्वतः विधवा आहे, शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. तिच्या हातून गजरा घेताना कुणी मागेपुढे बघत नाही. समाजसेवा बाहेरच्या शाळेत करायची आणि आपल्याच सदस्येला घरी बसवायचं, हे मला कधी जमलं नसतं.

वेळ म्हणाल तर महिन्याला एक मीटिंग आणि कामाचे दोन-तीन अर्धे दिवस. पद घेतलं की वेळ दुपटीहून जास्त जातो, आणि तो घरच्यांशी आधी बोलून घ्यावा. शाळेत जायचं काम सकाळचं असतं, म्हणून नोकरी करणाऱ्या सदस्यांना ते जमत नाही. तुमच्यासारख्या मोकळ्या झालेल्या बायकांची तिथे फार गरज आहे.

सदस्य होण्याआधी त्या दोघींना सांगून एका साध्या मीटिंगला पाहुण्या म्हणून जा. पदग्रहणाला नको, त्या दिवशी सगळेच क्लब छान दिसतात. तिथे विचारा की दोन वर्षांपूर्वी कुठल्या शाळेत काम केलं होतं आणि त्या शाळेत शेवटचं कोण, कधी गेलं. हिशेब सदस्यांसमोर वाचतात का, तेही विचारा. उत्तर पटकन आणि नावानिशी आलं तर बिनधास्त फॉर्म भरा. नुसते कार्यक्रमांचे आकडे आले, तरी लगेच पाठ फिरवू नका. गावात दुसरा क्लब नसेल तर तुमच्यासारख्या एक-दोघी आत आल्यानेही चित्र बदलतं. जूनच्या शेवटच्या आठवड्यात जुनी कमिटी नव्या कमिटीकडे वह्या, पासबुकं आणि शिक्के सोपवते. त्या बैठकीला बसू देतात का विचारा, आणि दिलं तर वह्या उघडून बघा.